शेवगावचे माळ : गवत, पाणी आणि पाखरे

शेवगाव तालुक्याची जमीन सर्वत्र एकसारखी नाही. उत्तरेस गोदावरीच्या बाजूला काळी, खोल व चिकण माती आहे. चढाकडे जावे तशी ती उथळ होत जाते आणि अखेरीस मुरूम उघडा पडतो. पाथर्डीकडील डोंगराळ भागातून येणारे ओढे आणि ढोरा, नंदिनी यांसारख्या लहान नद्या या दोन्ही प्रकारच्या जमिनींतून उत्तरेकडे वाहत जातात व त्यांचे पाणी शेवटी गोदावरीत पडते. वर्षाचा पाऊस सरासरीने पाचशे ते सहाशे मिलिमीटर. तोही मोजक्या दिवसांत पडून जातो. मृग व आर्द्रा बहुधा हुलकावणी देतात आणि खरा जोर सप्टेंबरात येतो.

यांपैकी काळ्या जमिनीची काळजी शेतकरी आपण होऊन घेतो. प्रश्न आहे तो चढावरच्या उथळ जमिनीचा. सात-बाराच्या उताऱ्यावर तिची नोंद पोटखराबा म्हणून असते, किंवा ती गावाचे गायरान म्हणून ओळखली जाते. बोलण्यात मात्र तिला सरसकट 'पडीक' म्हटले जाते. या एका शब्दाने फार नुकसान केले आहे. जे पडीक आहे ते कोणाचेच नाही अशी समजूत होते. मग तेथे जनावरे बारमाही सुटतात, मुरूम उचलला जातो, कडेची एकदोन ओळ जमीन दरवर्षी नांगराखाली येते, आणि कधीतरी शासनाच्या किंवा एखाद्या संस्थेच्या खर्चाने तेथे खड्डे खणून झाडे लावली जातात. वास्तविक हा माळ म्हणजे खालच्या सबंध शिवाराचे छप्पर होय. छपराची कौले फुटली असता घरातील भांडीकुंडी कितीही नीट मांडली तरी उपयोग होत नाही.

माळावर पडलेल्या पाण्याचा हिशेब

एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टर क्षेत्रावर पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. एका सरीत २५ मिलिमीटर पाऊस झाला तर हेक्टरी अडीच लक्ष लिटर पाणी येते. उघड्या, खुरांनी दाबल्या गेलेल्या माळावर पावसाचा थेंब आपटताच मातीचे कण सुटे होतात, ते बारीक छिद्रांत बसून पृष्ठभागावर खपली धरते आणि त्यानंतरचे बहुतेक पाणी तेथे न थांबता उताराला लागते. त्याच माळावर गवताची ठोंबे दाट असतील तर थेंबाचा मारा पात्यांवर होतो, पाणी बुडख्यांशी अडते व मुळांनी पोखरलेल्या वाटांनी सावकाश खाली मुरते. मुरूम आणि त्याखालील कुजट खडक हे पाणी साठविणारे थर आहेत. काळ्या मातीतल्या विहिरीला मार्गशीर्षात जे पाणी टिकते त्याचा मोठा हिस्सा वरच्या माळाने भाद्रपदात अडवून ठेवलेला असतो. त्याखालच्या अखंड काळ्या पाषाणात मात्र भेगा सोडल्या तर साठवणीला जागा थोडी; म्हणूनच बोअर अधिकाधिक खोल नेऊन हा प्रश्न सुटत नाही.

पाण्याबरोबर काय जाते, तेही पाहण्यासारखे आहे. एका हेक्टरवरील एक सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर वाहून गेला तर सुमारे शंभर घनमीटर, म्हणजे अंदाजे १३० टन माती गेली. त्या मातीत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्काच धरला तरी साडेसहाशे किलो कर्ब जातो. मातीतील हाच कर्ब हवेत मिसळला तर त्यापासून सुमारे २,४०० किलो कार्बन डायॉक्साइड वायू होईल. पृथ्वीचे तापमान वाढविणाऱ्या वायूंविषयी जी चर्चा आज जगभर चालली आहे तिचा शेवगावच्या माळाशी संबंध येतो तो या ठिकाणी. गवताळ जमिनीतील कर्बाचा बहुतेक साठा खोडात किंवा फांद्यांत नसून जमिनीच्या पोटात, मुळांत व मातीत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची गणना होत नाही. परंतु तो आगीने सहसा नष्ट होत नाही आणि दुष्काळात झाड वाळावे तसा वाळूनही जात नाही. तो जातो तो मुख्यतः दोन कारणांनी : जमीन नांगरली असता, किंवा तिच्यावरचे आच्छादन नाहीसे होऊन ती धुपली असता.

वाहून गेलेली माती गावाला पुन्हा मिळत नाही. ती नाथसागरात जाऊन बसते. पैठणजवळील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या जलाशयाचे पाणी शेवगाव तालुक्याच्या उत्तर सीमेपर्यंत येऊन पोहोचले, आणि काठच्या गावांतील अनेक कुटुंबांना आपल्या उत्तम काळ्या जमिनी सोडाव्या लागल्या. ज्या पाण्यासाठी त्यांनी एवढी किंमत दिली त्याची जागा आता वरच्या शिवारांतील गाळ व्यापीत आहे.

धूप ही सावकाश चालणारी गोष्ट आहे, तिच्यासाठी घाई नको, असे समजणाऱ्यांनी २०२१ सालचा ऑगस्टअखेर आठवावा. एका रात्रीच्या मुसळधार पावसाने नंदिनी व आसपासच्या ओढ्यांना पूर आला, शेवगाव व पाथर्डी तालुक्यांतील नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, जनावरे दावणीसह वाहून गेली. एवढा पाऊस कोणताही माळ पूर्णपणे जिरवू शकत नाही, हे खरे. परंतु पाणी ओढ्यात किती वेगाने उतरावे हे पुष्कळ अंशी माळाच्या स्थितीवर ठरते, आणि हवामान तापत असताना असे थोड्या वेळात कोसळणारे पाऊस वाढतील असाच शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे.

गवत हे पीक आहे

अहिल्यानगर जिल्ह्याला (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) चारा छावण्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. २०१३ व २०१९ या दोन्ही वर्षी जनावरे दावणीवरून सोडून छावणीत नेऊन बांधावी लागली. छावणी हा आपत्तीतील आधार आहे. परंतु ज्या गावाजवळ शंभर-दोनशे हेक्टर माळ आहे त्या गावाने छावणीची वाट का पाहावी, याचा विचार झाला पाहिजे.

चारशे किलो वजनाच्या गाईस दिवसाला आठ ते दहा किलो कोरडा चारा लागतो. माघापासून ज्येष्ठापर्यंतच्या चार महिन्यांस तो सुमारे एक टन होतो. संरक्षित माळावर बऱ्या पावसाच्या वर्षी हेक्टरी दोन ते तीन टन वाळलेले गवत मिळू शकते. बारमाही चरलेल्या, खुरडलेल्या माळावर एक टन मिळण्याची मारामार असते. म्हणजे एक हेक्टर राखलेला माळ दोन जनावरांचा उन्हाळा काढतो. ज्वारीच्या कडब्याबरोबर हे गवत दिले तर विकत चाऱ्याचा खर्च पुष्कळच कमी होतो.

माळावरचे चांगले गवत कोणते हे जुन्या जाणत्या गुराख्यास विचारल्यास तो क्षणात सांगेल. पवन्या, शेडा व मारवेल ही उत्तम. ती दाट असली तर माळ सुस्थितीत आहे असे समजावे. कुसळी वाढू लागली म्हणजे चराई जास्त झाली. तिची कुसळे पिकण्यापूर्वी कापली तरच ती चाऱ्यास चालते. आणि जेथे गवत संपून केवळ तरवड, घाणेरी, गाजरगवत व वेडी बाभूळ उरली आहे तेथे माळ आजारी आहे. यांतील गाजरगवत हे तर परदेशातून आलेले; १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले, आणि आज एकही बांध त्याच्यापासून सुटलेला नाही.

याच जिल्ह्यातील हिवरे बाजार या नगर तालुक्यातील गावाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. पाऊस तेथे शेवगावपेक्षाही कमी, सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले व पुढे आदर्श गाव योजनेखाली डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांध व पाझर तलाव यांची कामे झाली. त्या गावाची कीर्ती पाण्यासाठी आहे. परंतु तेथील पहिली पायरी गवताची होती, हे पुष्कळदा विसरले जाते. गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी केली. गवत चारावयाचे नाही, विळ्याने कापून न्यावयाचे, असा दंडक ठेवला व कापणीसाठी माफक शुल्क घेतले. गवताच्या मागोमाग दूध आले : दिवसाला दीडशे लिटरांच्या आसपास असलेले दूध पुढील सुमारे दहा वर्षांत दोन हजार लिटरांच्या पुढे गेले. पाणी वाढल्यावर गावाने ऊस व केळी यांना आणि शेतीसाठी बोअर घेण्यास मनाई केली आणि दरवर्षीचा पाऊस मोजून त्याप्रमाणे पिके ठरविण्याची पद्धत पाडली. हा शेवटचा भाग अनुकरण करणाऱ्या गावांना सर्वांत अवघड जातो. चर खणण्यास यंत्र भाड्याने मिळते. उसाला नाही म्हणण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही.

मेंढपाळाचे काय?

चराईबंदी हा शब्द उच्चारणे सोपे आहे. ती ज्यांच्यावर पडते ते बहुधा ग्रामसभेत मागे बसणारे असतात. ज्याच्या घरी दहा एकर बागायत आहे त्याला माळ बंद झाल्याने फारसे काही होत नाही. ज्याची चार शेळ्यांवर गुजराण आहे अशा भूमिहीन विधवेस, किंवा ज्याचा सारा संसार मेंढ्यांच्या पाठीमागे चालतो अशा धनगर कुटुंबास तीच बंदी उपासमारीसारखी वाटते. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी येथे १९९६ साली पाणलोटाचे काम सुरू झाले तेव्हा मेंढपाळ कुटुंबांनी चराईबंदीला विरोध केला तो याच कारणाने. तो विरोध अडाणीपणाचा नव्हता, हिशेबाचा होता.

यास्तव सर्व माळ एकदम बंद करण्याचा मार्ग सहसा धरू नये. माळाचे तीन-चार तुकडे पाडावेत, त्यांतील सर्वांत उतरणीचा व सर्वांत झिजलेला तुकडा प्रथम राखावा आणि बाकीचे चराईस खुले ठेवावेत. राखलेल्या तुकड्यात गवत धरले, त्याचे बी पडले, की दुसरा तुकडा राखावा व पहिल्यात कापणी, आणि त्यानंतर मोजकी चराई सुरू करावी. भूमिहीनांस कापणीचा पहिला हक्क किंवा शुल्कात सूट द्यावी. मेंढ्यांचे म्हणावे तर त्या माळाच्या शत्रू आहेत असे मुळीच नाही. गवत पिकून बी सांडल्यावर काही दिवस मेंढ्या फिरल्या तर वाळलेली पाती मोडतात, खुरांनी बी मातीत दाबले जाते आणि लेंडीचे खत मिळते. सुगीनंतर शेतात मेंढ्या बसविण्याची रीत या भागात पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. ज्या शेतकऱ्याला लेंडीखत हवे असते त्यानेच माळावरून मेंढपाळाला हुसकून लावावे, यात संगती नाही.

गायरानाच्या मालकीविषयीही स्पष्टता असावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २२ अन्वये अशा जमिनी गावाच्या गुरचरणासाठी राखून ठेवता येतात. गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत सर्व राज्यांना निर्देश दिले. तथापि गायरानावर पोटापुरते कसणाऱ्या भूमिहीनाची गोष्ट वेगळी आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न होता. त्याला धनदांडग्याच्या अतिक्रमणाबरोबर एकाच मापाने मोजता येत नाही.

झाडे कोठे लावावीत व कोठे लावू नयेत

माळाला उपकारक म्हणून जे केले जाते त्यातही एक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे सरसकट वृक्षलागवड. या भागातील माळरान हे तोडून उजाड झालेले अरण्य आहे अशी समजूत ब्रिटिश अमदानीपासून रूढ आहे. कमी पावसाच्या व उथळ मुरमाच्या या पट्ट्यात विरळ हिवर, बोर, बाभूळ व मध्ये मोकळे गवत हेच पुष्कळ ठिकाणी जमिनीचे स्वाभाविक रूप आहे. तेथे चांगल्या गवतात खड्डे घेऊन दाटीने गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली तर सावलीने व मुळांच्या स्पर्धेने गवत मरते. तोच गिरिपुष्प शेताच्या बांधावर मोठ्या उपयोगाचा आहे. त्याचा पाला हिरवळीचे खत म्हणून वाफ्यात घालता येतो. झाड वाईट नाही, जागा चुकते.

या चुकीचा फटका ज्यांना बसला त्यांत पाखरेही आहेत. मोकळ्या माळावर जमिनीलगत घरटे करणारे धाविक, चंडोल, टिटवी हे पक्षी झाडांच्या दाटीत राहत नाहीत, कारण शत्रू दुरून दिसावा ही त्यांची गरज असते. माळढोक तर त्याहून लाजरा. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे १९७२ साली श्री. बी. एस. कुलकर्णी या शिक्षकाच्या नजरेस तो आला व १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. त्याचा विस्तार सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर, आणि त्यात शेवगावला लागून असलेल्या नेवासे तालुक्याचाही भाग होता. एवढ्या प्रदेशातील खाजगी शेतांवर व्यवहाराचे निर्बंध आले; साहजिकच पक्ष्याविषयी लोकांच्या मनात आपुलकीऐवजी राग साठला. २०१२ साली क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले, परंतु तोवर माळढोक राज्यातून जवळजवळ नाहीसा झाला होता. शेतकऱ्याच्या संमतीवाचून पाखरू राखता येत नाही, हे नान्नजने दाखवून दिले. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी राखलेले २.१७ चौरस किलोमीटरचे छोटे अभयारण्य दुसरी बाजू सांगते : गवत राखले की प्राणी वाढतात, आणि मग भोवतालच्या शेतांतील नुकसानीची भरपाई वेळेवर मिळणे अगत्याचे ठरते.

शेवगावला तर दोन्ही प्रकारची पाखरे लाभली आहेत. वर माळावरची, आणि खाली १९८६ साली जाहीर झालेल्या जायकवाडी पक्षी अभयारण्यातील. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे चक्रवाक व रोहित पक्षी नाथसागराच्या उथळ काठावर उतरतात. चंडोल व धाविक आपल्या पिलांना किडेच चारतात आणि त्यांतील नाकतोडे हे शेजारच्या ज्वारी-बाजरीचेही शत्रू आहेत, ही बाबही शेतकऱ्याने हिशेबात धरण्यासारखी आहे.

खालच्या शेतात

माळ राखला म्हणून शेतातील काम टळत नाही. उथळ व मध्यम जमिनीत समतल बांध, बाजरी व तूर दोनास एक ओळ, आणि उताराला आडवी पेरणी या गोष्टी सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राच्या काळापासून सांगितल्या जात आहेत. खोल काळ्या जमिनीत मात्र समतल बांधाआड पाणी तुंबून बांध फुटतो. तेथे लहान वाफे करून पाणी जागच्या जागी जिरवावे व जास्तीच्या पाण्यास दगडी सांडवा ठेवावा. रब्बी ज्वारीचे वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे निवडावेत : हलक्या जमिनीस फुले अनुराधा, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा, भारी जमिनीस फुले वसुधा. कपाशीच्या पऱ्हाट्या शेतात पेटवून देण्याची सवय मोडावयास हवी. बारीक करून कंपोस्टात घातल्या तर त्यांतील कर्ब हवेऐवजी मातीकडे जातो, आणि शेंदरी बोंडअळीचा मुक्कामही हलतो.

माळाच्या कामास योग्य काळ पुढीलप्रमाणे होय. वैशाखात ग्रामसभेने कोणता तुकडा राखावयाचा ते ठरवून दगडांच्या खुणा कराव्यात. जेथे गवताची ठोंबे शिल्लक आहेत तेथे यंत्राने सलग चर खणू नयेत, कारण त्याने उरलेले गवतही उलथून पडते. चर फक्त पूर्ण उघड्या उतारावर घ्यावेत. अशा जागी पहिल्या चांगल्या पावसानंतर मारवेलीची मुळासकट ठोंबे लावावीत. तिचे सुधारित वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तयार केले आहेत. गवत फुलावर असताना ते अधिक पौष्टिक असते. म्हणून अर्धे क्षेत्र आश्विनात फुलावर कापावे व उरलेले अर्धे बी सांडेपर्यंत, म्हणजे साधारणतः कार्तिकअखेरपर्यंत उभे ठेवावे. पुढील वर्षी या दोन अर्ध्यांची अदलाबदल करावी. कापताना जमिनीपासून चार बोटे बुडखा ठेवावा. माळ पेटविण्यास सक्त मनाई असावी व कडेने दोन-तीन मीटर रुंदीचा पट्टा कापून जाळरेषा ठेवावी. जमिनीवरील घरटी मुख्यतः चैत्र ते आषाढ या काळात असतात. त्या दिवसांत राखलेल्या तुकड्यात कुत्री सोबत नेऊ नयेत.